भिंगरीला माफी

अप्पारावांच्या पत्राला बद्रीनाथरावांनी उत्तर दिले नाही ते आळसामुळे नव्हे, संतापामुळे. संताप आला की त्यांना शब्द सुचत नसत. आणि संताप ओसरला की सुचलेले शब्द फार कडक तर नाहीत ना, अशी शंका येई. या दोन्हींच्या मध्ये पत्र लिहायला जी फट लागते, ती त्यांना आयुष्यात कधी सापडली नव्हती.

पत्र दाराखालून आत सरकवलेले होते. अप्पाराव त्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहत, बद्रीनाथराव तिसऱ्या. रोज सकाळी दुधाच्या पिशव्या आणताना दोघांची जिन्यात गाठ पडे. पण अप्पाराव सोसायटीचे अध्यक्ष होते, आणि वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर असल्यापासून त्यांना कागदाची सवय होती. त्यांनी लिहिले होते, 'आपल्या मालकीच्या जनावराने गच्चीवरील माझी गुलाबाची कुंडी पाडली. सदर जनावर अत्यंत बेशिस्त आहे. पुन्हा असे घडणार नाही याची हमी द्यावी, अन्यथा जनावर अन्यत्र हलवावे.'

"जनावर!" बद्रीनाथराव म्हणाले. "तिला नाव आहे!"

"मग काय लिहायचं त्यांनी?" द्वारकाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "चि. सौ. कां. भिंगरी?"

चि. सौ. कां. भिंगरी त्या वेळी सोफ्याखालून निघून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून, बाल्कनीला स्पर्श करून पुन्हा सोफ्याखाली जात होती. हे ती दिवसभर करी. तनुजा, म्हणजे त्यांची मुलगी, बजाजनगरात खोली घेऊन राहत होती तेव्हा तिला हे पिल्लू कुठल्याशा गटाराजवळ सापडले. मग तनुजाची बदली पुण्याला झाली. "बाबा, दोनच महिने सांभाळा," असे सांगून ती कुत्रीला सोडून गेली. तेव्हापासून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. भिंगरीचा एक कान उभा आणि एक पडलेला होता, आणि बाकीची भिंगरी कायम उभीच असे.

पहिल्यांदा बद्रीनाथरावांना तिचाही संतापच आला होता. त्यांची सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात, 'शांतता राखा' या पाटीखाली गेलेली. कुजबुजून बोलायची सवय इतकी लागली होती की भाजीवालासुद्धा त्यांना "काय?" असे दोनदा विचारी. पण भिंगरी कधी "काय?" म्हणाली नाही. दुपारी ते पुस्तक मोठ्याने वाचत आणि ती त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून ऐके. दिवसभरात ती स्थिर असे ती तेवढाच वेळ. ऐकणारे असे कुणी त्यांना नोकरीत मिळाले नव्हते आणि घरात तर नव्हतेच. तिला 'अन्यत्र हलवावे'?

ते टेबलाशी बसले. 'आपले पत्र पोचले. वाचून खेद झाला,' असे त्यांनी लिहिले आणि 'खेद' खोडला. खेद म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखे होते. त्या जागी 'आश्चर्य वाटले' लिहिले, तेही खोडले. भिंगरीला ओळखणाऱ्याने आश्चर्य वाटले म्हणणे धडधडीत खोटे होते. शेवटी 'आपले पत्र पोचले' एवढेच उरले, आणि तेवढे अप्पारावांना ठाऊकच होते. बद्रीनाथरावांनी कागद घडी करून पुस्तकात ठेवला.

शब्दांनी भरपाई होत नसेल तर खताने करावी, असे मग त्यांनी ठरवले.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर बाग केली होती. रंगाचे रिकामे डबे, जुन्या कूलरचा टब, थर्माकोलची खोकी, जे हाती लागेल त्यात माती भरून वांगी, मिरच्या, कोथिंबीर आणि एक लिंबू. नळाला पाणी येण्याचा वार कुणालाच नक्की ठाऊक नसल्यामुळे द्वारकाबाई तांदूळ-डाळीचे धुवण बादलीत साठवत, आणि बद्रीनाथराव ती बादली तोल सांभाळत वर नेत. बागेचे सगळे ज्ञान पुस्तकातून आलेले. पुस्तकात स्पष्ट छापले होते, 'रोप मुळापासून हलले असता मुळांना बळ यावे म्हणून बोनमील द्यावे.' बद्रीनाथराव छापील शब्दाला मान देणारे होते. भिंगरीने वांग्याचा डबा उकरला तेव्हा त्यांनी रोप पुन्हा लावून मूठभर बोनमील घातले. दुसऱ्या दिवशी तिने तोच डबा पुन्हा उकरला. त्यांनी दोन मुठी घातले. तिसऱ्या दिवशी तिने वांगे मुळासकट बाहेर काढून बाजूला ठेवले आणि डब्यात स्वतः जाऊन बसली.

"ही पोरगी वांग्यावर का उठली आहे, कळत नाही," ते हळहळून म्हणत आणि बोनमीलची पिशवी उघडत.

तर पत्र आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते चपला हातात घेऊन गच्चीवर गेले आणि पडलेल्या गुलाबाला त्यांनी सढळ हाताने बोनमील दिले. एकाच गुलाबाला देणे बरे दिसले नसते, म्हणून अप्पारावांच्या सगळ्या ओळीला दिले. खाली आले तेव्हा त्यांना पत्राचे उत्तर दिल्याइतके हलके वाटत होते.

आठच्या सुमाराला भिंगरी नेहमीप्रमाणे गच्चीवर मोकळी सुटली. साडेआठला जिन्यात अप्पारावांचा आवाज घुमला.

"बद्रीनाथराव! ये क्या तमाशा है? एक कुंडी पाडली तर मी शराफतीनं कागद दिला. तुम्ही जवाब द्यायचा सोडून पूरी लाईन साफ केली?"

बद्रीनाथराव दारात आले. "अप्पाराव, मी तर... म्हणजे माझा उद्देश..."

"काय?"

"उद्देश..."

"हाच तुमचा जवाब समजू का मी?" अप्पाराव म्हणाले आणि हातातला मुळासकटचा गुलाब झेंड्यासारखा धरून खाली गेले.

बद्रीनाथरावांचा अगदी तिळपापड झाला. केलेल्या उपकाराची ही परतफेड! ते भिंगरीसमोर बसले. "तुला लाज नाही? मी त्या माणसाच्या झाडांची सेवा करतो, आणि तू?" भिंगरीने त्यांचा हात चाटला. बोटाबोटांतून चाटला. तिला पश्चात्ताप झाला आहे असे वाटून ते विरघळले. मग त्यांनी वर जाऊन सगळे गुलाब परत लावले, आणि मुळे फारच हलली होती म्हणून बोनमील दुप्पट घातले.

यानंतर गुलाबांचे जे झाले ते सांगण्यात अर्थ नाही. भिंगरीला बांधले तर ती पट्ट्यातून मान काढी. गच्चीचे दार लावले तर कडी नाकाने उचकटी. अप्पारावांनी कुंड्यांभोवती काटेरी फांद्या रचल्या. त्या फांद्या तिने एकेक करून बद्रीनाथरावांच्या दाराशी आणून ठेवल्या.

त्यातच एकदा फिरायला जाण्याच्या घाईत तिने तळमजल्यावरच्या केसरबाईंच्या तुळशीला धडक दिली आणि एक फांदी मोडली. केसरबाई माळकरी. कांदा-लसूण त्यांच्या घराच्या उंबऱ्याशीसुद्धा येत नसे. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. पण त्या म्हणाल्या, "असू द्या भाऊ. मुकं लेकरू हाय."

ही माया बद्रीनाथरावांना सोसवेना. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे अनवाणी खाली उतरू लागले. तुळशीपुढे वाकत, पुस्तकातले प्रमाण विसरू नये म्हणून ओठांत पुटपुटत, आणि चिमूटचिमूट बोनमील बुंध्याभोवती सोडत. केसरबाईंनी मांजरांसाठी तुळशीभोवती जाळी लावलेली असल्याने भिंगरीला आत जाता येईना. ती नुसती जाळीसमोर बसून एकटक बघत राही. आठवडाभरात तुळस अशी काही फोफावली की जाता-येता लोक थांबून बघू लागले.

एक दिवस केसरबाईंनी त्यांना जिन्यात गाठले. "भाऊ, मी रोज बघते बरं का तुमाला पहाटं."

बद्रीनाथरावांनी हात पाठीमागे घेतले.

"मी कुणाला सांगत नाय. असलं गुपचूपच करावं. खुलताबादहून आणलं नव्हं? पिशवी घेऊन उतरताना बघितलं तवाच वळखलं मी."

खुलताबादहून त्यांनी ओळखीच्या शेतातले शेणखत आणले होते. पण चोरी पकडली गेल्यावर माणूस तपशिलात शिरत नाही. "हो, हो," एवढे बोलून ते दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले.

त्यानंतर चारच दिवसांनी तो प्रकार झाला. अप्पाराव दूध घेऊन जिना चढत होते आणि भिंगरी उतरत होती. आजवर तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. त्या दिवशी मात्र ती थबकली, नाक वर केले, आणि थेट त्यांच्या उजव्या गुडघ्यावर झेपावली. चावली नाही. दोन्ही पुढच्या पायांनी तिने गुडघा उकरायला सुरुवात केली. दुधाची पिशवी फुटली, पायजमा फाटला, आणि अप्पाराव भिंतीला टेकून ओरडले, "अरे हटाव! हटाव इसको!"

संध्याकाळी दाराखालून दुसरा कागद आला. 'सदर जनावर आता माणसे उकरू लागले आहे. महिनाअखेर ते या इमारतीत दिसता कामा नये.'

बद्रीनाथरावांनी कागद तीनदा वाचला. प्रत्येक वेळी 'सदर जनावर' या शब्दांशी त्यांचे डोके तापे. पण या वेळी सगळी बिल्डिंग अप्पारावांच्या बाजूने होती. फोनवर तनुजा रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, इथं मालक कुत्रं ठेवू देत नाहीत हो. कुठं द्यायची तिला?" द्वारकाबाई दिवसभर भिंगरीला शिव्या घालत असत, त्या दिवशी मात्र त्यांनी तिला तुपाची भाकरी चारली आणि पाठ फिरवून बराच वेळ भांडी घासली.

महिना संपत आला. एका सकाळी बद्रीनाथराव कूलरच्या टबातल्या लिंबाला खत देत होते. द्वारकाबाई वाळत घातलेली साडी काढायला वर आल्या होत्या. पिशवी हातातून निसटली आणि सगळे बोनमील बद्रीनाथरावांच्या उजव्या पायावर सांडले. ते "अरेरे" म्हणतात न म्हणतात तोच भिंगरी बाणासारखी आली आणि त्यांचा पाय उकरू लागली. चपलेसकट, नखांसकट, मनापासून.

"भिंगरी! सोड! अगं, माझा पाय आहे तो!"

द्वारकाबाई साडी हातात धरून उभ्या राहिल्या. "अहो, तुमच्या पायात काय वांगं लावलंय का?"

"म्हणजे?"

"म्हणजे ती झाडं नाय उकरत. तुमची ती पूड उकरती. कशाची हाय ती?"

"बोनमील."

"मराठीत सांगा."

बद्रीनाथराव घुटमळले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. पुस्तकात 'बोनमील' छापले होते आणि दुकानात 'बोनमील' मागितले की मिळत होते. "हाडांचा चुरा," ते अगदी ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाले.

"हाडं!" द्वारकाबाई मटकन पाण्याच्या टाकीला टेकल्या. "कुत्र्याच्या घरात तुम्ही झाडाझाडाला हाडं पुरली? अन् ती खणती म्हणून तिलाच बोल लावता?" मग त्यांची नजर खाली पडलेल्या स्टीलच्या वाटीवर गेली. "ही वाटी... ही माझी डाळीची वाटी हाय!"

"मापासाठी..."

"या वाटीनं मी काल आमटीत डाळ घातली! लाज कशी नाय वाटली?" एवढ्यात त्यांना आणखी काही सुचले आणि आवाज एकदम खाली आला. "अहो. केसरबाईच्या तुळशीत पण हेच?"

बद्रीनाथरावांनी होकारार्थी मान हलवली.

"अगं माय माय माय," द्वारकाबाई म्हणाल्या.

दोघे खाली येऊन बसतात तोच दार वाजले. दारात केसरबाई होत्या, हातात चांदीची छोटी डबी. कपाळावर आडवा पांढरा पट्टा. भिंगरीने उडी मारून तो पट्टा चाटून साफ केला. "बघा की, कशी माया लावती," केसरबाई कौतुकाने म्हणाल्या. "भाऊ, उदी संपली. तुळशीखालची थोडी थोडी उचलत होते मी, पण आता मातीच लागती हाताला. एवढी डबी भरून द्या."

"उदी?" द्वारकाबाईंनी विचारले.

"तुमच्यापासून बी लपवलं का यांनी? पहाटं अनवाणी येत्यात, वाकत्यात, काय तर मंत्र म्हणत्यात, अन् उदी वाहत्यात. वास जरा उग्र हाय, पण खुलताबादसारख्या जागृत देवस्थानची उदी अशीच असती. मी रोज कपाळाला लावते. अन् अप्पारावला बी दिली, गुडघ्याला चोळायला. लई दुखायचा त्यांचा. म्हणलं चोळा, पर कुणाची हाय ते इचारू नका."

बद्रीनाथरावांच्या डोळ्यांपुढे अप्पारावांचा उकरलेला गुडघा उभा राहिला. "केसरबाई," ते कसेबसे म्हणाले, "ती पूड... ती झाडांसाठी..."

"झाडाला गुण येतो तर माणसाला नाय येणार?" केसरबाई डबी टेबलावर ठेवून गेल्यासुद्धा.

मग द्वारकाबाईंनी निर्णय दिला. "गप बसायचं. केसरबाईला हे कळलं तर ती माय अन्न सोडंल. भिंगरीला माझ्या बहिणीकडं बिडकीनला धाडू. शेतात राहील."

"म्हणजे गुन्हा माझा आणि हद्दपारी तिची?"

"तुमाला कोण धाडणार हाय? तुमाला घेतं कोण?"

बद्रीनाथराव उठले. टेबलाशी बसले. आणि आश्चर्य म्हणजे त्यांची लेखणी थांबलीच नाही. एवढा संताप त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा आला होता, आणि स्वतःला लिहिलेला शब्द फार कडक होईल ही भीती नव्हती. 'आपल्या दोन्ही पत्रांस उत्तर. गुलाब भिंगरीने उकरले, पण त्यांत हाडांचे खत मी घातले होते. आपल्या गुडघ्याला चोळली ती उदी नसून तेच खत आहे. कुत्र्याने ते उकरणे स्वाभाविक आहे. केसरबाईंना हे कसे सांगावे ते मला कळत नाही. ते आपण ठरवावे, त्यांची क्षमा मी मागेन. दोष सर्वस्वी माझा आहे. कोणाला इमारतीतून हलवायचे असल्यास मला हलवावे. तिला यापुढे जनावर म्हणू नये, ही विनंती.'

त्यांनी पाकिटावर पत्ता घातला आणि तिकीट लावले.

"तिकीट?" द्वारकाबाई म्हणाल्या. "दोन जिने उतरून दाराखालून सारा की!"

"सरकवताना त्यांनी दार उघडलं तर?"

बद्रीनाथरावांनी भिंगरीला पट्टा घातला आणि ते सिडकोच्या पोस्टाकडे निघाले. भिंगरी पुढे, पट्टा ताणलेला, आणि मागे ते जवळजवळ पळत. पोस्टाबाहेरच्या लाल पेटीशी ते पोचले आणि पाकीट फटीत अर्धे सरकवले, एवढ्यात खिशातला फोन वाजला. अप्पारावांचा होता.

"बद्रीनाथराव! अहो, आधी सांगायचं नाय का? केसरबाईनं आत्ता सांगितलं, उदी तुमची हाय म्हणून. गुडघा एकदम फर्स्टक्लास! काल गच्चीपर्यंत चढलो, दम बी नाय लागला. वा, बहोत खूब!"

"अप्पाराव, ते..."

"ते कागद फाडून टाका. दोन्ही. झालं गेलं विसरा. तुमच्याकडं बघून मी त्या कुत्रीला माफ केलं."

"माफ?"

"हां, माफ. गावठी जात, तिला कुठून अक्कल असणार? जाऊ द्या. राहू द्या तिला हितंच."

"माफी गुन्हेगाराला देतात, अप्पाराव!" बद्रीनाथराव ओरडले. निदान त्यांना तरी वाटले की ते ओरडले. "तिनं गुन्हाच केलेला नाही!"

"काय? आवाज येत नाय हो तुमचा. बरं, केसरबाईच्या डबीबरोबर माझी पण एक डबी भरा. मोठी." फोन बंद झाला.

बद्रीनाथराव पेटीसमोर उभे राहिले. कुत्री वाचली होती. पाकीट ओढून बाहेर घेतले, फाडले, की सगळेच वाचणार होते: केसरबाईंची श्रद्धा, अप्पारावांचा गुडघा, द्वारकाबाईंची बिल्डिंगमधली अब्रू. तुळसही जोमात होती. या सगळ्याविरुद्ध फक्त एक शब्द होता, 'माफ'. त्यांनी खाली पाहिले. भिंगरी, एक कान उभा आणि एक पडलेला, तोंड वर करून त्यांच्याकडे बघत होती. जिने काही केले नव्हते तिला एक माणूस मोठ्या मनाने माफ करून बसला होता, आणि उद्यापासून जिन्यात तिच्याकडे तसेच बघणार होता. वर्षानुवर्षे!

"अक्कल नाही म्हणे," बद्रीनाथराव दात-ओठ खात म्हणाले, आणि त्यांनी पाकीट आत ढकलले. आपल्यावरच विश्वास नसल्याने हात मनगटापर्यंत फटीत घातला. घरी जायचा जिना अप्पारावांच्या दारावरूनच जातो, हे त्यांना तेव्हा आठवले. पण तोवर पाकीट तळाशी पडल्याचा आवाज झाला होता.